ते नाव

अधिकचा फोन बांकुड्याहून,
मागे भट्टीचा भाता चालू:
"अक्का, पोराचं नाव सुमन ठेवायचं.
तू आत्या. तूच सांग कानात."

मी म्हटलं, अरे, ते बाईचं नाव.
तो म्हणाला, इथं नाही.
शेजारच्या गाळ्यात सुमनबाबू बसतात,
जाड मिशा, एका हातानं शटर ओढतात,
सोन्याचा कस नुसत्या नजरेनं सांगतात.
मग गप्प झाला.
भाता तेवढा ऐकू येत राहिला.
तो सुमनबाबूंबद्दल बोलत नव्हता,
एवढं मला कळत होतं.

आईचं माहेरचं नाव सुमन.
लेंगऱ्यात लग्न होऊन आली त्या दिवशी
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं: कलावती.
मग रेशनकार्डावर कलावती,
सातबाऱ्यावर, तेही इतर हक्कात, कलावती,
मिरजेच्या दवाखान्यात कलावती,
उत्तरकार्याच्या पत्रिकेवर कलावती.
सुमन तिकडंच राहिलं, भिवघाटापलीकडं,
ट्रंकेच्या तळाशी
घडी न मोडलेल्या लुगड्यासारखं.

आमच्यात बाप्यांची नावं
पाटाच्या पाण्यासारखी खाली येतात:
तातोबा, त्याचा नारायण, पुन्हा तातोबा.
बायकांची कुठल्या बांधात जिरतात,
कुणी बघायला गेलेलं नाही.

पण मी मास्तरीण.
पंचवीस वर्षं हजेरी मांडतेय:
आधी मुलगे, मग मुली, मध्ये लाल रेघ.
एका जूनमध्ये किरण नावाचा मुलगा
मी रेघेखाली लिहिला होता.
पुकारलं तर उभा राहिला,
हजर म्हणाला नाही.
वर्ग हसला. मीही, थोडी.
दिवाळीपर्यंत तो पोरगा
पाण्याच्या टाकीमागं बसून डबा खायचा.

म्हणून मी दुसरं नाव तयार ठेवलं होतं. सुमित.
सुरुवात तीच, शेवट बिनघोर.
कुणाला सांगितलं नाही.

बारसं विट्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये.
घुगऱ्यांची पातेली, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत.
नाव आधीच फुटलेलं.
"पोराला बाईचं नाव? नाक बी टोचणार काय?"
"पयली दोन गेली असती तर समजलो असतो,
नजर लागू नये म्हणून ठेवत्यात."
भीतीपोटी चालतं म्हणे असलं.
नुसत्या मायेपोटी कशाला?
रेश्मा पाळण्याची दोरी धरून उभी,
एकालाही उत्तर देत नव्हती.
अधिक मोबाईलमध्ये, साखरेच्या डब्याला टेकवलेला,
त्याच्या मागं आज भट्टी बंद.

वरवंट्याला कुंची घालून झाली,
गोविंद घ्या, गोपाळ घ्या, झालं.
मी वाकले.
वेखंडाचा वास, कानाची पाळी
अजून नीट न उलगडलेली.
सकाळीच पाचवीला लिंग शिकवून आले होते:
तो मुलगा, ती मुलगी, ते मूल.
ते बाळ. ते नाव. ते फूल.
माझ्याच खडूनं लिहिलेलं,
आणि माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

तोंड उघडलं. "सुम—"
आणि पाठीत धपाटे.
बायकांना कसली घाई, दणादणा,
कुणाच्या तरी पाटल्या मणक्यावर वाजल्या.
उरलेलं तोंडातच राहिलं.
मी सरळ झाले.
सगळ्या हसत होत्या, पेढ्याचा पुडा सुटत होता,
अर्ध्या अक्षरावर थांबलेली मी,
इकडं जाता येत होतं, तिकडंही.

रेश्मानं माझ्याकडं पाहिलं.
फक्त पाहिलं. दोरी हलवायची थांबली होती ती.

मी पुन्हा वाकले.
दुसऱ्यांदा कुणी धपाटे घालत नाही.
पेढ्यांच्या गलक्यात
सावकाश सांगितलं, शेवटच्या न-सकट,
आईला तिच्या माहेरच्या अंगणात
हाक मारत असतील तसं.

बाळानं जांभई दिली.